लिव्हरपूलच्या यादीतली ऊमरावती

पहाटेचे चार वाजले असतील. बंडीच्या मागच्या अंगाला, रुईच्या दोन डोकड्यांच्या मधे पाय खुपसून तुम्ही बसला आहात. घोंगडी डोक्यावरून घेतली तरी मार्गशीर्षातला गार वारा कानात शिरतोच. पुढे धुरकरी बैलांशी काहीतरी पुटपुटतो आहे, घागरमाळा एका लयीत वाजताहेत, चाकाखाली काळ्या मातीची ढेकळं फुटताहेत. साल १८७०. पूर्णेकाठच्या गावातून निघालेली ही बंडी उन्हं वर यायच्या आत अकोल्याला पोचायला हवी.

"कुठचे व्हय बापू तुमी?" धुरकरी मान न वळवता विचारतो.

"अमरावतीकडचे."

"मंग तिकडे कापूस नाही काय? इकडे काहून आले?"

अमरावतीला कापूस आहे. इतका आहे की लिव्हरपूलच्या बाजारात साऱ्या वऱ्हाडच्या रुईला अमरावतीचंच नाव पडलं आहे. भावाच्या यादीत छापतात 'ऊमरावती', आणि दलाल नुसतं 'ऊमरा' म्हणतात. शेगावची रुई असो, खामगावची असो की या बंडीतली, जहाजात चढली की तिचं गाव पुसलं जातं आणि ती ऊमरा होते. धुरकऱ्याला यातलं काही ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे ते एवढंच, की या दोन डोकड्यांवर सावकाराचं नाव आधीच लिहिलेलं आहे.

तुम्हाला या रुईच्या मागे जायचं आहे, ती जिथवर जाईल तिथवर.

काल संध्याकाळी तुम्ही तिला गावातच पाहिलं, ती अजून कापूस होती तेव्हा. ओसरीवर एक बाई रेच्यापुढे बसली होती. रेचा म्हणजे दोन लाटा, एक लाकडाची, एक लोखंडाची, एकमेकींना घासून फिरणाऱ्या. उजव्या हाताने ती मूठ फिरवत होती आणि डाव्या हाताने कापसाची बोंडं लाटांच्या मधे सारत होती. सरकी अलीकडे टपटप गळत होती, रुई पलीकडे ढगासारखी फुगत होती. दिवसभर हात चालवून मोजके शेर रुई निघते. मधेच तिने चिमूटभर रुई घेतली, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत आणि तर्जनीत धरली, हळूच ओढली, एकावर एक ठेवली, पुन्हा ओढली. उरले ते सरळ झालेले तंतू, एकमेकांशेजारी निजलेले. तिने ते कंदिलापुढे धरले. "बनी हाये," ती म्हणाली. बनी म्हणजे लांब, मऊ धाग्याची जुनी जात. शेजारच्या शेतात जरी लावली होती, धाग्याला आखूड पण वजनाला भारी. पुढे वऱ्हाडभर जरीच पसरत जाणार आहे, कारण व्यापारी पैसे मोजतात वजनाला. त्या बाईचे अंगठे मात्र लक्षात ठेवा. ते तुम्हाला वाटेत पुन्हा भेटणार आहेत.

उजाडता उजाडता दहीहांडा वेस दिसते. जुनं अकोला मोर्णेच्या पश्चिमेला, तटाच्या आत आहे. असदगडाचे बुरूज औरंगजेबाच्या काळचे. औरंगजेबाचा वजीर असदखान याची ही जहागीर होती, त्याच्याच नावावरून गडाचं नाव पडलं. वेशीतून आत शिरून, गल्लीबोळांतून बंडी नदीला उतरते. मोर्णा गुडघाभर आहे. तळाचे खडे दिसतात. बैल मधोमध थांबून पाणी पितात, धुरकरी त्यांना घाई करत नाही. पलीकडच्या काठावर ताजनापेठ, कचेऱ्या, साहेबांचे बंगले, आणि त्यांच्याही पलीकडे आगगाडीचं स्टेशन.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण या नदीचं आजचं रूप तुम्ही पाहिलेलं असेल. जलकुंभीने पार झाकलेली, पुलावरून जाताना नाक दाबायला लावणारी मोर्णा. २०१८ च्या जानेवारीत हजारो अकोलेकर तिच्यात उतरले आणि हातांनी जलकुंभी ओढून काढली. त्या दिवशी काठावर आलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं असतं, तर त्यांच्या आठवणीतली मोर्णा हीच होती, बैलांनी थांबून पाणी प्यायची. गावाचा उद्योग वाढला की पहिली किंमत नदी मोजते. हे तुम्हाला आणखी एका नदीवर दिसेल, पण ती इथून फार लांब आहे.

स्टेशनावर गाडी येते. जीआयपी रेल्वेचा हा मुंबई-नागपूर रस्ता तीनच वर्षांपूर्वी, १८६७ मध्ये, नागपूरला जाऊन भिडला. त्याआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवरून जायचा. लमाणांचे तांडे तो पार गंगेकाठच्या मिर्झापूरला नेत. वाटेत पाऊस लागला की रुई भिजायची, धूळ लागली की मळायची, आणि महिनोन्‌महिने चालून ती पोचेपर्यंत भाव दोनदा बदललेला असायचा. १८२५ च्या सुमाराला एका पारशी पेढीने पहिल्यांदा वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बाजाराकडे वळवला. आता डोकडे वाघिणीत चढतात. धुरकरी दाखला घेऊन, बैल सोडून, सावलीत बसून भाकर खाईल आणि परत फिरेल. तुम्ही तिसऱ्या वर्गात दाटीवाटीने उभे राहता.

शेगाव येतं. फलाटावर गाठींची रास आहे, हमाल आहेत, दलाल आहेत. गजानन महाराज या गावात दिसायला अजून सात-आठ वर्षं आहेत. आज हे स्टेशन फक्त कापसाचं आहे. मग जलंब, आणि जलंबहून खामगावचा फाटा. नवीकोरी आठ मैलांची ही लाईन याच वर्षी उघडली आणि तिच्या समारंभाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयने आठ मैलांच्या फाट्यासाठी खामगावला यावं, यातच या गावाचं मोल कळतं. तेव्हा खामगाव अकोला जिल्ह्यात होतं.

बाजारात पाय ठेवा. जिकडे बघाल तिकडे बंड्या, सोडलेले बैल, कडब्याच्या पेंढ्या, तळणाचा वास, आणि हवेत तरंगणारी रुई. ती पापण्यांवर बसते, मिशांवर बसते, दुधाच्या पेल्यात पडते. एक अडत्या आणि एक खरेदीदार समोरासमोर बसले आहेत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकलेलं. तोंडाने कुणी काही बोलत नाही. उपरण्याखाली बोटं बोटांना दाबताहेत, किती बोटं, कोणतं पेर, किती वेळा, त्यावर भाव ठरतो. याला हत्ता म्हणतात. ज्याचा कापूस विकला जातो आहे तो कास्तकार तीन हातांवर उभा राहून त्या हलत्या उपरण्याकडे बघतो आहे. आपल्या वर्षभराच्या घामाचं काय ठरलं हे त्याला शेवटी सांगतात. पुढे १८८६ मध्ये कारंज्याचा बाजार नियमाखाली येईल, १८९७ मध्ये वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांचा कायदा होईल, वजनकाटा तपासायला कुणी असेल. देशातल्या नियंत्रित बाजारांची सुरुवात इथूनच झाली, याचा वऱ्हाडने अभिमान बाळगायला हवा. त्यामागे मात्र असे कित्येक हत्ते आहेत.

हत्त्याच्या आधी खरेदीदाराने एक केलं होतं. डोकड्यातून चिमूट काढली, अंगठ्यात धरली, ओढली, ठेवली, पुन्हा ओढली. ओसरीवरच्या बाईने केलं होतं तसंच, तेच अंगठे.

बाजारालगत तारेचं ऑफिस आहे. याच वर्षी जूनमध्ये समुद्राच्या तळातून मुंबई ते इंग्लंड तार जोडली गेली. लिव्हरपूलला भाव पडला की फार वेळ न जाता त्याची झळ खामगावच्या उपरण्याखाली लागते. गेल्या वर्षी, १८६९ च्या नोव्हेंबरात, सुएझ कालवा उघडला. आगगाडीचा फाटा, तार आणि कालवा या तिन्ही गोष्टी दीड वर्षाच्या आत एकमेकींना येऊन मिळाल्या आणि पूर्णेकाठचं एक शेत इंग्लंडच्या गिरणीच्या दाराशी जाऊन उभं राहिलं.

प्रेसमध्ये फार वेळ थांबता येत नाही, कानठळ्या बसतात. वाफेवर चालणारा दट्ट्या वर येतो, ढगासारखी रुई दबत दबत लाकडाच्या ओंडक्यासारखी घट्ट होते, दाबलेली असतानाच माणसं तिला लोखंडी पट्ट्या ठोकतात. चारशे पौंडांच्या आसपासची गाठ. ओसरीवरच्या बाईच्या किती दिवसांची मेहनत तिच्यात बांधली गेली याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

सावलीत बसलेला एक म्हातारा मुनीम तुमच्याशी बोलू लागतो. त्याला सहा-सात वर्षांपूर्वीचे दिवस आठवतात. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण आपसात लढत होती, तिथला कापूस बंदरातून बाहेर पडत नव्हता, आणि इंग्लंडच्या गिरण्या वऱ्हाडकडे डोळे लावून बसल्या होत्या. भाव कधी कुणी पाहिला नव्हता असा चढला. "चांदीच्या धावा बसवल्या होत्या चाकाले," तो सांगतो. खरंच बसवल्या होत्या का, हे तो शपथेवर सांगणार नाही, पण ही गोष्ट वऱ्हाड-खानदेशात घरोघरी सांगितली गेली हे खरं. माझ्या आजीकडूनही मी ती ऐकली आहे. १८६५ मध्ये तिकडची लढाई संपली, भाव कोसळला, मुंबईत पेढ्या बुडाल्या आणि इकडे घेतलेली कर्जं मागे उरली. कापूस मात्र लागवडीतून मागे हटला नाही. एकदा चांदी दाखवलेलं पीक कोण सोडतं?

कापसाच्या या सगळ्या व्यवहारावर नजर ठेवायला सरकारने एक साहेब नेमला आहे, हॅरी रिव्हेट-कार्नॅक, मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर. त्याने अहवालात जे लिहिलं ते वाचताना आजही हात थांबतो. फाट्याची रेल्वे झाली की विलायती कापड इथल्या कापडाहून स्वस्त पडेल, म्हणजे इथे सूत होणारा कापूस निर्यातीला मिळेल आणि सूतकताई-विणकामातली माणसं शेतमजुरीला मोकळी होतील, अशी आशा त्याने उघडपणे मांडली आहे. त्यात लपवाछपवी नाही. त्याला ते भल्याचंच वाटत होतं. बाळापूरच्या पागोट्यांचे विणकर, अकोटच्या सतरंज्यांचे कारागीर, सूत कातणाऱ्या बायका, रेचा फिरवणारी कालची ती बाई, हे सगळे त्याच्या हिशेबात 'मोकळे होणारे हात' होते.

गाठ पुढे जाते. भुसावळ, थळ घाट, मुंबईत कुलाब्याचं कापसाचं मैदान, कॉटन ग्रीन. मग वाफेचं जहाज, एडन, सुएझ. काही आठवड्यांनी एका धुरकट सकाळी मर्सी नदीचं रुंद मुख दिसतं आणि जहाज लिव्हरपूलच्या गोदीला लागतं.

लिव्हरपूलचे दलाल उघड्यावर, फरसबंद चौकात उभे राहून सौदे करतात. काळे कोट, उंच टोप्या, थंडीत तोंडातून निघणारी वाफ. एकाने कागदाच्या पुडीतून नमुना काढला. चिमूट अंगठ्यात धरली, ओढली, ठेवली, पुन्हा ओढली. खिशातल्या पट्टीवर ठेवून मोजली. पाऊण इंच. "ऊमरा," तो शेजाऱ्याला म्हणतो आणि तोंड जरा वाकडं करतो. अमेरिकन कापूस इंचभर लांब असतो. तुम्ही तिथे, त्या परक्या चौकात, आपल्या गावाचं नाव ऐकता. ते नाव म्हणजे अंबादेवी आहे, परकोट आहे, जवाहरगेट आहे, गल्लीतलं घर आहे, हे सांगायला तुमचं तोंड उघडतं आणि मिटतं.

तिथून मँचेस्टर तासाभराचं अंतर. हाच जगातला पहिला रेल्वेरस्ता, ज्यावर १८३० पासून इंजिनाने ओढलेल्या उतारूंच्या गाड्या वेळापत्रकाने धावताहेत. डब्याच्या काचेवर पाऊस. गावाच्या आधी चिमण्या दिसतात, मोजता येणार नाहीत इतक्या, आणि प्रत्येकीच्या तोंडून निघालेला धूर एकाच राखाडी छताला जाऊन मिळालेला.

पुलावर उभे राहा. खाली इरवेल. पलीकडचा काठ सॅलफर्डचा, अलीकडचा मँचेस्टरचा. पाण्याला रंग आहे, पण पाण्याचा नाही. रंगाऱ्यांच्या कारखान्यांतून आज कोणता रंग सुटला त्यावर नदीचा रंग ठरतो. काठाच्या भिंतींवर काळा चिकट थर. जराशा वरच्या अंगाला इर्क नावाची छोटी नदी तिला येऊन मिळते. तिचं वर्णन पंचवीस वर्षांपूर्वी एका तरुण जर्मन गिरणीमालकाच्या मुलाने केलं होतं, काळी, शेवाळलेली, बुडबुडे सोडणारी नदी. त्याचं नाव फ्रेडरिक एंगल्स. वीसएक वर्षं या शहरात कापसाच्या धंद्यात घालवून तो याच वर्षी लंडनला गेला. तुम्ही कठड्यावर हात ठेवून मोर्णेतल्या त्या दोन बैलांची आठवण काढता. इथे कुणी बैलाला पाणी पाजणार नाही.

पण या पावसाचाही कापसाशी संबंध आहे. वऱ्हाडच्या कोरड्या हवेत सूत ताणलं की तुटतं. लँकेशायरची हवा ओलसर, तिथे धागा लवचिक राहतो. डोंगरातून येणारं मऊ पाणी, जवळच दगडी कोळसा, समोर बंदर. गिरण्या इथेच का, याचं बरंचसं उत्तर या ओलाव्यात आहे. काळी माती आपल्या वाट्याला आली, ओली हवा त्यांच्या वाट्याला. पुढे १८७७ मध्ये जमशेटजी टाटा नागपूरला एम्प्रेस मिल काढतील तेव्हा हा कोरडेपणा त्यांच्यापुढेही उभा राहील आणि गिरणीत मुद्दाम ओलावा करावा लागेल. ते त्यांनी केलं. म्हणजे हवेचं कारण शेवटचं नव्हतंच.

अँकोट्स या भागातली एक गिरणी. बाहेर बर्फासारखी थंडी आणि आत पाऊल टाकताच अकोल्याचा मे महिना. फरक इतकाच की अकोल्यात घाम वाळतो, इथे अंगावरच राहतो. जमीन तेलाने निसरडी झालेली, म्हणून माणसं अनवाणी. समोर म्यूल. शेकडो चात्या एकाच चौकटीवर, आणि ती सबंध चौकट चाकांवर पाचेक फूट मागे येते, धागे ताणते, पीळ देते, आणि पुन्हा पुढे जाऊन सूत गुंडाळते. तिच्या सोबत मागेपुढे धावतं आहे एक पोर, आठ-नऊ वर्षांचं. अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. धागा तुटला की चौकट परत यायच्या आत दोन टोकं बोटांनी पिळून जोडायची, हे त्याचं काम. ऊमरा असली की धागे जास्त तुटतात. तुटलेला प्रत्येक धागा म्हणजे त्या पोराची एक धाव.

तुम्ही त्याची बोटं बघता. अंगठा आणि तर्जनी. इथेही तेच.

पलीकडच्या दालनात, विणकामाच्या शेडमध्ये, शेकडो माग एकदम चालताहेत. आवाज ऐकू येत नाही, तो हाडांना लागतो. बायका एकमेकींशी ओठांनी बोलतात, प्रत्येक शब्द तोंड मोठं करून, मान हलवून, आवाजाविना. दुरून बघितलं तर मूकनाट्य वाटावं. एक प्रौढ बाई धोट्यातली संपलेली बाबीन बदलते, नवा धागा धोट्याच्या भोकाशी नेते, भोकाला तोंड लावते आणि श्वास आत ओढते. धागा बाहेर येतो, त्यासोबत थोडी रुई तिच्या घशात जाते. दिवसातून कित्येकदा. तिच्या छातीत जी रुई साठते आहे तिच्यात पूर्णेकाठची काळी धूळही आहे.

सुटीचा भोंगा होतो. लाकडी तळव्यांच्या जोड्यांचा खडखडाट सगळ्या रस्त्याने वाहत जातो. तुम्ही त्या बाईसोबत चालता. ती १८६२ ची हकिकत सांगते. मुनीम ज्या वर्षांतल्या चांदीच्या धावा आठवत होता, तीच वर्षं. तिच्या घरात चूल पेटत नव्हती. अमेरिकेचा कापूस थांबला, गिरणी बंद पडली, घरातलं सामान एकेक करून गहाण पडलं, आधी घड्याळ, मग बिछाना. दानाचा रस्सा मिळवायला रांगा लागल्या. गिरणीतल्या पोरींना शिवणाच्या वर्गात बसवत, तिथे हजेरी लावली तर मदत मिळे. गिरणी मधून मधून चाले ती हिंदुस्थानी कापसावर, त्याला सरसकट 'सुरती' म्हणत. तो इतका तुटायचा, इतकी धूळ उडायची आणि मजुरी इतकी कमी पडायची, की देवळात कापसासाठी प्रार्थना झाली तेव्हा कुणीतरी मागून 'पण सुरती नको' असं म्हटलं, ही गोष्ट लँकेशायरभर अजून सांगतात. तुम्हाला अपमान वाटायला हरकत नाही. मला वाटला होता. मग ती बाई सांगते, त्याच उपासमारीत, १८६२ च्या शेवटच्या दिवशी, मँचेस्टरचे कामगार फ्री ट्रेड हॉलमध्ये जमले आणि त्यांनी अब्राहम लिंकनला पत्र पाठवलं. गुलामांनी वेचलेला कापूस आम्हाला नको, तुम्ही लढा, असा त्याचा आशय. लिंकननं त्यांना उत्तर दिलं. भुकेल्या पोटी लिहिलेलं ते पत्र आठवलं की 'सुरती नको' म्हणणाऱ्यांवर रागावता येत नाही.

एका धाग्याची ही दोन टोकं. इथे चूल विझली तेव्हा तिथे चांदी आली. आता उलटं व्हायचं आहे.

विणलेलं कापड ठाण बांधून निघतं. त्याच मर्सीवरून, त्याच कालव्यातून. खामगावच्या दुकानात मँचेस्टरी धोतरजोडी हातमागापेक्षा स्वस्त मिळते. धुरकऱ्याच्या अंगावर त्याच्याच गावची रुई परत येते, सात समुद्र फिरून. बाळापुरात माग एकेक करून थांबतात. जिनिंगचे कारखाने येतात, अकोल्यात, अमरावतीत, मूर्तिजापुरात, त्यांच्या चिमण्या उभ्या राहतात आणि ओसरीवरचा रेचा माळ्यावर जातो. रिव्हेट-कार्नॅकच्या हिशेबातले हात मोकळे झाले.

आता १९०० सालच्या उन्हाळ्यात या. अकोल्याबाहेरचा रस्ता. खडी फोडणाऱ्यांची रांग आहे, उन्हात, डोक्यावर फडकं नाही. पाऊस गेल्या वर्षी जवळजवळ आलाच नव्हता. आपली माणसं याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात, संवत १९५६ वरून. पूर्वी दर गावात पेवं असायची, जमिनीत खोल खणलेली, गवताचं अस्तर लावलेली, ज्वारीने भरलेली. एक वर्ष गेलं तर पेव उघडायचं. गेल्या तीस वर्षांत ज्वारीचं रान कापसाने घेतलं आणि ज्वारीलाही आगगाडीने गिऱ्हाईक दाखवलं. तुम्ही एका पेवाच्या तोंडाशी वाकता. आतून थंड, कुबट वास येतो. तळाशी काही नाही. बाजारात धान्य आहे, रेल्वेने आणलेलं आहे, पण ते विकत घ्यायचं आहे, आणि शेतमजुराला पेरणी नाही, वेचणी नाही, म्हणजे मजुरी नाही. त्याच्या बायकोला रेचा नाही. कोष्ट्याला माग नाही. त्या वर्षी देशातल्या सगळ्यांत सुपीक काळ्या मातीवर माणसं रस्त्याच्या कडेला पडली. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडात २८ लाख ९७ हजार माणसं होती, १९०१ मध्ये २७ लाख ५४ हजार. दहा वर्षांत वाढायला हवी होती ती दीड लाखाच्या आसपास घटली.

मँचेस्टरच्या गिरण्या त्या वर्षी चालू होत्या. सहा वर्षांपूर्वीच तिथे जहाजांचा कालवा खुला झाला होता, त्यामुळे गाठी लिव्हरपूलला न उतरता थेट शहराच्या दारात येऊ शकत होत्या.

या गोष्टीतली माणसं एकमेकांना कधी भेटली का? एकदा, थोडी. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरला गेले, डार्वेन गावात राहिले. विलायती कापडावरच्या इकडच्या बहिष्काराने तिकडच्या गिरण्या आणखी थंडावल्या होत्या. ज्यांचा रोजगार गेला त्याच बायका त्यांच्याभोवती जमल्या, हसल्या, जयजयकार केला. त्या छायाचित्रात गांधीजींच्या अंगावर हातसुती आहे आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून गिरणीकामगार बायका आहेत. मी ते छायाचित्र पुष्कळदा पाहिलं आहे. त्यांच्यापैकी एखादीची आई धोट्याच्या भोकाला तोंड लावून कधी ऊमरा गिळत असेल, असं दर वेळी मनात येतं.

आज मँचेस्टरला गेलात तर अँकोट्सच्या गिरण्यांत लोक राहतात, खिडक्यांत कुंड्या आहेत. कापसाच्या बाजाराची प्रचंड इमारत नाटकाचं थिएटर झाली आहे आणि तिथे वर भिंतीवर १९६८ मधल्या शेवटच्या दिवसाचे भाव अजून लावलेले आहेत. त्या आकड्यांखाली उभं राहून लोक नाटकाची वाट बघतात. इरवेलमध्ये मासे परत आले आहेत.

आणि आपल्याकडे मार्गशीर्षच आहे. अकोटच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग लागली आहे, ताडपत्रीच्या फटीतून कापूस उडतो आहे, कडेच्या बाभळींवर पांढरे झुपके अडकले आहेत. बनी कधीच गेली, जरीही गेली, २००२ नंतर बीटी आलं. एक कास्तकार ट्रॉलीवर चढून बसला आहे, एका हातात मोबाईल, त्यात परदेशातला रुईचा भाव. दुसऱ्या हाताने त्याने एक बोंड सोडवलं, सरकीवरून रुईची चिमूट उपटली, मोबाईल मांडीवर ठेवला, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढली, एकावर एक ठेवली, पुन्हा ओढली.

"पाहा," तो खाली वाकून ती तुमच्या तळहातावर ठेवतो, "किती लांब हाये."